लाग्रेक, मोजा आणि घाईचा गोपाल

किस्से कुणी जमवत नाही हो, ते साचतात. कॉफीचं भांडं रोज नीट धुतलं नाही तर तळाला चोथा थर धरतो, तसे. मॉरिशसमधल्या मोका गावच्या सरकारी ऑफिसात मी टायपिस्ट म्हणून चिकटले तेव्हा सत्तरचं दशक नुकतं लागलं होतं, आणि बाहेर पडले तेव्हा ऐंशीचं संपत आलं होतं. इतक्या वर्षांत टाइप केलेली एक फाईल आठवेल तर शपथ! कॉफीचे किस्से मात्र विचारा. घरी पाहुणे आले की नवरा म्हणतो, "शांता, ते मोज्याचं सांग." मोज्याचं सांगायला बसले की फिल्टरचं निघतं, फिल्टरचं सांगावं तर गोपाल मध्ये तडमडतो, आणि भाजी जळते.

आमच्या खोलीत माणसं पाच आणि गॅसची शेगडी एक. पाचातले चौघे कॉफीवाले, आणि चौघांच्या चार तऱ्हा. म्हणून नियम केला होता: एकेका आठवड्याला एकेकाची पाळी, ज्याची पाळी त्याची पद्धत, आणि कप रिकामा होईपर्यंत कुणी एक शब्द बोलायचा नाही. बोलायचं ते नंतर. मी पाचवी, चहावाली. म्हणून तर सगळ्यांनी मिळून मला पंच केलं!

*

पहिला मान तोंतों सदाशिवांचा. तोंतों म्हणजे काका. हे आमचे हेडक्लार्क. मराठी असो, तमिळ असो, क्रिओल असो, सगळ्या ऑफिसचे तोंतों. त्यांची पद्धत लाग्रेकची. लाग्रेक म्हणजे आमच्या मॉरिशसची दुमजली किटली. वरच्या मजल्यावर जाळी आणि जाळीवर पावडर, खालच्या मजल्यावर तयार कॉफी. वरून उकळतं पाणी सोडायचं, पण चमच्यानं. एक चमचा सोडायचा आणि थांबायचं. खाली टप असा आवाज झाला की दुसरा चमचा. अशी कॉफी होते मात्र जबरदस्त, काळीभोर आणि दाट. पण होईपर्यंत माणूस म्हातारा होतो.

एकदा पोर्ट लुईहून नवे मोठे साहेब आले. तोंतोंनी विचारलं, "कॉफी घेणार?"

"घेईन, पण जरा घाईत आहे."

तोंतों शेगडीकडे गेले. साहेबांनी फायली बघितल्या. भिंतीवरचा नकाशा बघितला. खिडकीतून डोंगर बघितला. मग माझ्या टाइपरायटरची चौकशी केली, माझ्या सासूची केली, आणि शेवटी घड्याळ बघून गाडीत बसून निघून गेले. मागून तोंतों ट्रे घेऊन आले.

"साहेब कुठेत?"

"गेले."

तोंतों ती कॉफी उभ्याउभ्या स्वतःच प्यायले. काही महिन्यांनी बातमी आली, साहेबांची बदली थेट दूर समुद्रातल्या रॉड्रिग्जच्या बेटावर! सगळे हळहळले. तोंतोंनी नुसती मान हलवली.

"कॉफी टाकून गेला होता ना? मग!"

*

आमचा स्टोअरकीपर गाब्रिएल म्हणायचा, लाग्रेक म्हणजे शिक्षा. त्याची पद्धत कापडी गाळणीची. तारेच्या कड्याला शिवलेली लांब सुती पिशवी, त्यात पावडर, वरून पाणी, की झालं. कॉफी हलकी, नितळ, तोंडात चोथ्याचा कण नाही. पण वापरून वापरून त्या पिशवीचा असा काही रंग आणि आकार झाला होता की तिला सगळे मोजाच म्हणायचे.

तोंतों त्या आठवड्यात उपास धरायचे. "मोज्यातून गाळलेलं मी पिणार नाही!"

"अहो तोंतों, हा कधी पायात गेलेला नाही!"

"मग नवा घे."

"नवा?" गाब्रिएलनं छातीला हात लावला. "नव्याला कापडाची चव येते. याला मुरायला वर्ष लागलंय!"

आता गोपाल. गोपाल आमचा सर्व्हेयर आणि तेर रूज गावातला माझा शेजारी. गुणी पोरगा, मनात काडीचं कपट नाही. पण घाई! देवानं त्याला बनवतानाच कुणीतरी "आटपा, आटपा" म्हणत असणार. जिना उतरताना शेवटच्या पायऱ्या त्याच्या नशिबात नसायच्याच, उडी मारायचा. तर या गोपालनं हे भांडण ऐकलं आणि त्याला दोघांची दया आली. कुणाला न विचारता मोजा उचलला, नळाखाली धरला, कपडे धुवायच्या निळ्या साबणानं खसाखसा घासला आणि घाईघाईत पुरता न खळबळता जागेवर टांगला.

गाब्रिएलनं त्यातून कॉफी केली. कपांत ओतली. कॉफीवर हा फेस! नियमाप्रमाणे कुणी बोललं नाही. मी सगळ्यांची तोंडं बघत होते. एक घोट पोटात गेला आणि गाब्रिएलचे डोळे भरून आले. एकटा वेलू, आमचा तमिळ अकाउंटंट, चेहरा फुलवून कप तळापर्यंत प्यायला आणि मग बोलला.

"शाब्बास गाब्रिएल! आज पहिल्यांदा मद्राससारखा फेस आला!"

*

वेलूचं मद्रासचं वेड असं की काही विचारू नका. सहा आठवडे ट्रेनिंगला जाऊन आला होता आणि येताना पितळी फिल्टर घेऊन आला होता. पावडर रात्री भरून ठेवायची, सकाळी दाट अर्क, त्यात गरम दूध, साखर, आणि मग तो सोहळा: एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात उंचावरून ओतायचं. हात जितका वर, तितका फेस वर. चव म्हणाल तर, चहावाली असूनही सांगते, दुधाची कॉफी प्यावी तर वेलूच्याच हातची.

गोपालला त्यातलं दुसरं काही नको होतं, फक्त ती उंची हवी होती. एकदा वेलू फोनवर गेला तेव्हा यानं पेले उचलले. एक हात वर नेला आणि दुसरा खाली नेईपर्यंत थांबायला हवं होतं ना? थांबेल तो गोपाल कसला! अख्खी धार तोंतोंच्या टेबलावरच्या उलट्या ठेवलेल्या हॅटमध्ये.

तोंतों आले. हॅटमध्ये बघितलं. बोट बुडवून चाटलं.

"साखर कमी आहे," म्हणाले.

*

गोपालची स्वतःची पद्धत कोणती? डब्यातली इन्स्टंट! लंडनचा भाऊ पाठवायचा. एक चमचा पावडर, गरम पाणी, ढवळलं की झालं. त्याच्या पाळीच्या आठवड्यात आम्ही घरून पिऊन यायचो. पण पुढे पुढे त्याला ढवळणंसुद्धा जड व्हायला लागलं. एक दिवस मी डोळ्यांनी बघितलं. पठ्ठ्यानं पावडर तोंडात टाकली, साखर तोंडात टाकली, वरून गरम पाणी प्यायला आणि डोकं जोरात हलवलं.

"गोपाल! अरे हे काय?"

"ताई, चमचा धुवायला नको!"

गाब्रिएल माझ्याकडे वळला. "पा कास लातेत, मादाम शांता." म्हणजे, डोकं फोडून घेऊ नका. "काही रोगांना औषध नसतं."

मला लोक विचारतात, शांताबाई, कॉफी करायची कोणती पद्धत चांगली? मी म्हणते, आधी जीभ काय मागते ते बघ. कडक हवी तर लाग्रेक लाव. हलकी आणि नितळ हवी तर मोजा आण. दुधाची हवी तर वेलूला शरण जा. आणि तोंडाला चवच नसेल तर डबा आहेच. पण जिभेनंतर स्वभाव बघावा लागतो, आणि गोपालचं घोडं तिथंच पेंड खात होतं.

*

कारण प्रश्न नुसता कॉफीचा राहिला नव्हता, लग्नाचा झाला होता. गोपालची आई रोज संध्याकाळी कुंपणापाशी उभी. "शांता, तू असतेस ऑफिसात, याचं काहीतरी बघ गं. तिशी उलटली माझ्या पोराची." मुली सांगून येत नव्हत्या असं नाही. पण बघायला गेला की हा काहीतरी करून ठेवायचा.

एका घरी आम्ही जाऊन बसलो. अजून पंखा लावला नव्हता. आतून एक बाई पाण्याचा ट्रे घेऊन आल्या. छान साडी, हसरा चेहरा. गोपालनं ग्लास उचलला, घटाघट प्यायला, ग्लास ठेवला आणि म्हणाला, "मला पसंत आहे!"

ती मुलीची आई होती.

आयो ममा! मुलीच्या बापाचं तोंड मला अजून आठवतं. परत येताना बसमध्ये गोपालची आई तोंडाला पदर लावून रडत होती आणि मी पदर लावून हसू दाबत होते.

आणि मग तो गणपती आला. माझं माहेर लॉंग माउंटनचं. तिथं गणपतीला आमची मराठी मंडळी झाकरी नाचतात, ढोलकी आणि झांजा घेऊन. गोपाल माझ्याबरोबर आला होता, पाच मिनिटांत निघायच्या बोलीवर. मोदक वाढायला गावातल्या भिकूकाकांची मुलगी सुलू होती. गोपालनं एक मोदक घेतला. खाली बसला. दुसरा घेतला. झाकरी संपली, आरती झाली, लोक चटया गुंडाळायला लागले, तरी हा आपला बसलेला! जन्मात पहिल्यांदा मी गोपालला एका जागी बसलेला बघत होते. वाटेत मान खाली घालून म्हणाला, "ताई, हीच. ही नाही तर कुणीच नाही. काही करा, पण या वेळी मला बिघडवू देऊ नका."

असा आवाज त्याचा मी कधी ऐकला नव्हता. माझं काळीजच हललं.

*

पण भिकूकाका म्हणजे लोखंडाचा चणा. त्यांच्या घराण्याची रीत वेगळी. इतर ठिकाणी मुलगी चहा घेऊन येते. इथं मुलानं कॉफी करायची! त्यांच्या आजोबांपासून त्या घरी सकाळची कॉफी पुरुष करायचे, कारण बायका अंधारातच गवत कापायला उसाच्या शेतांत जायच्या. भिकूकाकांनीही जन्मभर स्वतः लाग्रेक लावली. मुलगा नव्हता, हाताला कंप सुटला तेव्हा कुठे काम सुलूकडे गेलं. आणि आता काकांनी जाहीर केलं होतं, माझ्या घरी येऊन लाग्रेकवर चमच्या-चमच्यानं कॉफी करील त्याला मुलगी देईन.

"जो कॉफीसाठी थांबत नाही, तो बायकोसाठी काय थांबणार?" हे त्यांचं म्हणणं.

बरं, जवळ उभे राहून बघायचे नाहीत. बाहेर व्हरांड्यात खुर्चीवर डोळे मिटून बसायचे आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून थेंब ऐकायचे. एक मास्तर आला होता आधी, चांगला शिकलेला. त्यानं कंटाळून पाण्याची अर्धी केतली एकदम ओतली. बाहेरून काकांचा आवाज आला, "मास्तर, नळ बंद करा!" आणि मास्तर घरी गेले.

हे मी ऑफिसात सांगितलं. मग तोंतों उठले, आपली लाग्रेक पुसली आणि गोपालच्या पुढ्यात ठेवली.

"बस."

काय ती शिकवणी! पहिल्या दिवशी तिसऱ्या चमच्याला त्यानं केतली कलंडवली. दुसऱ्या दिवशी लाग्रेक गदागदा हलवली. वेलू म्हणाला, मन दुसरीकडे लाव. गाब्रिएल म्हणाला, आधी पिणाऱ्याचा विचार कर, कॉफी त्याच्यासाठी असते. शेवटी तोंतोंना युक्ती सुचली. "एक चमचा सोडला की मनातल्या मनात आरतीचं एक कडवं म्हणायचं. कडवं संपलं की दुसरा चमचा."

गोपालनं डोळे मिटले आणि ओठ हलवायला लागला. चमचा, चमचा, चमचा, चमचा...

"अरे हळू!" तोंतों ओरडले. "गणपती धापा टाकतोय तुझा!"

पण पोरगा सोडत नव्हता. सगळे घरी गेले तरी बसायचा. डब्यातली इन्स्टंट त्यानं आपणहून गाब्रिएलच्या कुत्र्याच्या पिलाला खेळायला दिली, डब्यासकट. शेवटच्या शुक्रवारी त्यानं एक आख्खी लाग्रेक थेंबाथेंबानं केली. कप रिकामे झाले आणि आम्ही तोंतोंकडे बघायला लागलो. तोंतोंनी कप पालथा घातला. "चालेल," म्हणाले. गाब्रिएलनं टाळ्या वाजवल्या आणि मला, चहावालीला, उगीचच भरून आलं.

*

रविवारी दुपारी आम्ही लॉंग माउंटनला गेलो. गोपाल, त्याची आई आणि मी. ग्लासभर पाणी झालं. या वेळी गोपाल ग्लास तोंडाला लावून नुसता बसला होता. मग भिकूकाकांनी व्हरांड्यातली आपली खुर्ची खिडकीजवळ ओढली, डोळे मिटले आणि म्हणाले, "चला, जावईबापू व्हायचंय ना? लाग्रेक आत आहे."

गोपालची आई आणि सुलूची आई बाहेर बसल्या. मी गोपालबरोबर आत गेले. मागच्या दारात सुलू मटार सोलत होती, खाली मान घालून.

काकांच्या घरी पावडर घरीच कुटलेली, पिठासारखी बारीक. गोपालनं पहिला चमचा सोडला. ओठ हलवले. बऱ्याच वेळानं खाली टप! दुसरा चमचा. टप! तिसरा. पाणी वर नुसतं डबक्यासारखं साचून राहिलं. गोपालच्या कपाळावर घाम आला. गुडघा हलायला लागला. केतलीकडे बघायचा, खिडकीकडे बघायचा, आणि पुन्हा ओठ हलवायचा. पण ओतलं नाही हो! मी देवाला म्हटलं, एवढी एक कॉफी पार पाड, तुला नारळ देते.

किती वेळ गेला कोण जाणे. मटार सोलून झाले. आणि बाहेरून आवाज आला: घुर्रर्र... घुर्रर्र...

भिकूकाका घोरत होते.

सुलू उठली. ओट्यापाशी आली. हळूच म्हणाली, "ओता आता सगळं."

"पण काका ऐकतात!" गोपाल कुजबुजला.

"बाबा तिसऱ्या चमच्यालाच झोपतात. रोज."

आणि तिनं त्याच्या हातातून केतली घेतली, लाग्रेकचं झाकण बाजूला केलं, चमच्यानं चोथा एकदा खरवडला आणि सगळं पाणी भसाभस ओतून दिलं! मी आणि गोपाल बघतच राहिलो. तेवढ्यात बाहेरचं घोरणं अडखळलं. सुलूनं झटकन एक रिकामं पातेलं पुढे ओढलं, चमचा पाण्यात बुडवला आणि पातेल्यात एकेक थेंब सोडायला लागली. टप... टप... टप...

"आवाज थांबला की जागे होतात," ती म्हणाली.

घोरणं पुन्हा सुरू झालं. गोपाल तिच्याकडे असा बघत होता की मीच मान फिरवली.

कॉफी गाळून झाली. गोपालनं कप भरला, दोन्ही हातांनी धरला आणि पाय मोजल्यासारखा हळूहळू व्हरांड्यात गेला. मी मागोमाग.

"काका, कॉफी."

भिकूकाकांनी डोळे उघडले. कप घेतला. एक घोट. मग दुसरा. गोपालच्या आईनं पदराचं टोक चुरगाळून पार दोरी केली होती. कुणी एक शब्द बोलेना, जणू आमच्या ऑफिसचा नियमच तिथं लागू होता. काकांनी कप तळापर्यंत रिकामा केला, बशीत ठेवला आणि मिशा पुसल्या.

"शांता," ते म्हणाले, "हुबेहूब आमच्या सुलूच्या हातची! मुलगी दिली."

गोपालची आई रडायला लागली, सुलूची आई तिला धरून रडायला लागली, आणि गोपाल खांबाला धरून उभा राहिला.

"घाईच्या माणसाला अशी कॉफी जन्मात जमायची नाही," काका सांगत होते. "एकेक थेंब ऐकलाय मी. एकेक थेंब!"

मी खिडकीतून आत बघितलं. सुलू ओट्याशी पाठमोरी उभी होती. बापाचं उत्तर ऐकायला सगळा जीव कानांत आणलेला, आणि हात आपला चालूच. टप... टप... टप...

भिकूकाकांनी पुन्हा डोळे मिटले, मान खुर्चीला टेकली आणि आत आवाज दिला.

"सुलू, पुरे कर गं आता ती टपटप. हात दुखेल तुझा."